मला पटत नाही, मॅडम!

'नाही' म्हणायची प्रॅक्टिस घरच्या घरी करावी, असं मी एका शनिवारी सकाळी दाढी करताना ठरवलं. आरशातला माणूस त्या वेळी मला चांगला धीट वाटला होता. (तोंडाला साबण होता. साबणाखाली धीट कोण आणि भित्रा कोण, कळत नाही.)

ही वेळ माझ्यावर का आली ते आधी सांगतो. माझी उमेदीची सगळी वर्षं फौजेत गेली. लगेच लढाईच्या गोष्टी ऐकायला सरसावून बसू नका. मी माल पोचवणाऱ्या तुकडीत होतो. ब्लँकेटं, बटाटे, बूट, टायर, ज्याला जे हवं ते त्याच्यापर्यंत नेऊन घालायचं. वरून हुकूम आला की टाचा जुळवायच्या आणि 'येस सर' म्हणायचं. सरांचं चुकतंय असं वाटलं तरी आधी 'येस सर', मग गुपचूप ते निस्तरायचं. एवढ्या भांडवलावर मी निवृत्तीपर्यंत सगळ्या सरांचा लाडका होतो.

मग एका मोठ्या कंपनीच्या गोदामात मॅनेजर म्हणून लागलो, अर्थात प्रोबेशनवर. माझ्या वरच्या मॅडम माझ्या लेकीपेक्षा फार तर चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. त्या आल्या की मी उठून उभा राहतो. त्या "बसा हो" म्हणतात, मी बसतो. त्या फाईल घ्यायला उठल्या की मी परत उभा. ऑफिसातली पोरं माझ्या पाठीमागे मला 'लिफ्ट' म्हणतात.

तर गेल्या आठवड्यात मॅडमनी मीटिंगमध्ये जाहीर केलं, की उद्यापासून सगळे ट्रक सकाळी एकाच वेळी सोडायचे. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "चालेल ना?" मी म्हणालो, "येस मॅडम." दुसऱ्या दिवशी गोदामाच्या एकुलत्या एका फाटकात ट्रक असे काही अडकले, की ड्रायव्हर मंडळींनी खाली उतरून पत्त्यांचा डाव मांडला.

"असं होणार हे तुम्हाला माहीत होतं?" मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं.

"येस मॅडम."

"मग बोलला का नाहीत?"

"आपण 'चालेल ना' विचारलंत. 'कसं चालेल' असं विचारलं नव्हतं."

मॅडमनी कपाळाला हात लावला. "अहो, मी खड्ड्यात पडत असेन तर ओरडणारा माणूस हवाय मला! पाठोपाठ शिस्तीत उडी मारणारा नको. सोमवारी तुमच्या प्रोबेशनचा निर्णय आहे. त्या दिवशी एकदा, फक्त एकदा, माझ्या तोंडावर सांगा की मॅडम, मला पटत नाही. नाहीतर मला तुम्हाला कायम करता येणार नाही."

"येस मॅडम," मी म्हणालो.

"हेच! हेच ते!" मॅडम ओरडल्या. मी उभा राहिलो.

यातलं एक अक्षर मी घरी बोललो नाही. कारण होतं पडदे.

फौजेतल्या संसारात घरं बदलतात, पडदे तेच राहतात. एका क्वार्टरच्या खिडकीला आमचे पडदे जेमतेम बेंबीपर्यंत यायचे, तर पुढच्या क्वार्टरमध्ये तेच पडदे जमिनीवरचा केर काढायचे. प्रत्येक बदलीनंतर बायको ते टांगायची, दोन पावलं मागे सरून बघायची आणि म्हणायची, "एकदा माझ्या स्वतःच्या खिडकीच्या मापाचे पडदे शिवीन, बघा." दुसरं काही मागितलं नाही हो तिनं कधी. आता या नोकरीच्या भरवशावर घर घेतलं होतं. तिनं फिकट निळं, बारीक पांढऱ्या फुलांचं कापड आणलं होतं. शिवणाच्या मशीनला तेल घातलं होतं. मी स्टुलावर चढून, टेप लावून खिडक्यांची मापं घेतली.

"खाली दुमडायला जास्तीचं धरलंत ना?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हणालो.

ती गुणगुणत कापडावर खडूनं रेघा मारायला लागली. आता अशा बाईला कुठल्या तोंडानं सांगणार, की नोकरी सोमवारपर्यंतच आहे म्हणून?

तेव्हा शनिवारपासून सराव सुरू. गुपचूप.

"चहा घेताय ना?" बायकोनं विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

तिनं कप खाली ठेवला आणि माझ्या कपाळाला हात लावून बघितला. मग लेकीला हाक मारून थर्मामीटर मागवला. ताप निघाला नाही. (चहा मात्र गार झाला, तो मी ती आत गेल्यावर प्यायलो.)

"जेवायला भोपळ्याची भाजी करते."

भोपळा मी लग्न झाल्यापासून 'वा वा' म्हणत खात आलो आहे. आज मात्र मी घसा साफ केला. "मला पटत नाही."

"काय पटत नाही? भोपळा?"

"भोपळा करण्यामागचा... एकूण विचार."

लेक कानातली इयरफोनची बोंडं काढून म्हणाली, "बाबा, तुझं ऑफिसात काही बिनसलंय का?"

"नाही!" मी म्हणालो. हे 'नाही' मात्र सरावाशिवाय आलं, आणि जरा मोठ्यानंच आलं. मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. पुढं जेवणात भोपळाच होता, आणि तो मी 'वा वा' न म्हणता खाल्ला.

दुपारी बायकोनं कापड जमिनीवर पसरलं, कात्री हातात घेतली आणि मान वर करून म्हणाली, "कापू ना?"

मला वाटलं, हीच संधी. एवढं जमलं तर सोमवार जमलाच. टाचा जुळवल्या, छाती पुढे काढली. "मला पटत नाही. कापू नकोस."

तिनं कात्री खाली ठेवली, कापडाची शांतपणे घडी घातली आणि आत गेली. विजय इतका सोपा असतो हे मला ठाऊक नव्हतं. मी खुशीत पेपर वाचत बसलो.

थोड्या वेळानं आतून लोखंडी ट्रंक ओढल्याचा आवाज आला. आमच्या सगळ्या बदल्यांची साक्षीदार अशी ती काळी ट्रंक, कोपरे चेपलेली. जाऊन बघतो तर बायको भराभर भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती आणि लेक डोळे पुसत त्यांना सुतळी बांधत होती.

"हे काय?"

"कुठे जायचंय ते तुम्हाला सांगता येत नसेल तर नका सांगू," बायको वर न बघता म्हणाली. "आधी तरी कधी सांगितलंत? तिकडे थंडी आहे का, तेवढं सांगा. म्हणजे स्वेटर वर ठेवायचे की खाली ते कळेल."

मघाशी मी छाती काढून उभा होतो. आता मी त्या ट्रंकेवरच बसलो. माझ्या बायकोला वाटलं होतं की पुन्हा बदली आली, म्हणून हा माणूस कापड कापू देत नाही. आणि तिनं एका शब्दानंही कुरकुर केली नव्हती. कापडाची घडी घालून थेट भांडी बांधायला घेतली होती. मला भरून आलं. सगळं घडाघडा सांगून टाकलं. फाटक, ट्रक, मॅडम, सोमवार, सगळं.

बायकोनं ऐकून घेतलं. मग हातातली कढई जमिनीवर आपटली.

"आणि ही प्रॅक्टिस माझ्यावर? विचारायचंत तरी! मी स्वतः तालीम घेतली असती."

आणि खरंच घेतली. ती खुर्चीत मॅडम होऊन बसली, लेक दाराशी उभी राहिली. "हं," बायको म्हणाली, "उद्यापासून सगळे ट्रक गच्चीवर उभे करायचे. चालेल ना?"

"येस मॅ..."

"बाबा!" लेक ओरडली.

संध्याकाळपर्यंत मी ट्रक गच्चीवर चढवले, नदीत उतरवले, एकदा तर रंगवून शेजाऱ्यांना देऊनही टाकले. शेवटी बायको थकून म्हणाली, "तुमचं काही खरं नाही. एक करा. मॅडमच्या तोंडून जे पहिलं वाक्य निघेल ना, त्यालाच 'मला पटत नाही' म्हणून मोकळे व्हा. नंतर तुमची छाती व्हायची नाही."

हुकूम मिळाल्यावर मला हायसं वाटलं.

सोमवारी केबिनमध्ये शिरलो. ओठांवर वाक्य तयार. मॅडम हसल्या. म्हणाल्या, "मला वाटतं, तुम्ही या कंपनीसाठी अगदी योग्य माणूस आहात."

"मला पटत नाही, मॅडम!"

आपण काय बोललो ते माझ्या कानात शिरलं तेव्हा फार उशीर झाला होता. पण घेतलेली जागा हुकमाशिवाय सोडायची नाही, हे हाडात मुरलेलं. मी तसाच पुढे रेटत गेलो. म्हणालो, "फाटक एकच आहे हे माहीत असून जो माणूस गप्प बसला, तो योग्य कसा? त्याला आधी बोलायला शिकवा. आणि मॅडम, ट्रक तीन खेपांत सोडा. भिंतीत दुसरं फाटक काढून घ्या. ते हवंच आहे."

मॅडमनी चष्मा काढला. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "माझ्यापुढे नोकरी मागणारे पुष्कळ बघितले," त्या म्हणाल्या. "ती मिळत असताना मला चूक ठरवणारे तुम्ही पहिले. इतकं निर्भीड मत या इमारतीत कुणी दिलं नसेल. कायम झालात तुम्ही. आणि उभे राहू नका."

मी बसलो. आधी उभा राहिलो होतो, मग बसलो.

घरी आलो तर खिडक्यांना निळे पडदे लागलेले. मी सकाळी घराबाहेर पडल्याबरोबर बायकोनं कापड कापलं होतं. निकाल येईपर्यंत ती थांबली नव्हती. "नोकरी राहो न राहो, कापड घरचं आहे," ती म्हणाली. मी बातमी सांगितल्यावर मात्र तिनं पदरानं डोळे टिपले. मग माझा हात धरून मला खिडकीसमोर नेलं.

आमच्या स्वतःच्या खिडकीसाठी, मापानं शिवलेले ते पडदे खालून चांगले वीतभर आखूड होते.

"दुमडायला जास्तीचं धरलं होतंत ना?" तिनं विचारलं.

"नव्हतं धरलं," मी म्हणालो.

"मग 'हो' कशाला म्हणालात?"

"तू 'धरलंत ना' विचारलंस."

ती ट्रंकेवर बसून हसायला लागली. लेक हसली. हसून हसून बायकोला ठसका लागला. मग ती उठून दोन पावलं मागे सरली आणि वीतभर वर लोंबणाऱ्या त्या पडद्यांकडे मायेनं बघत म्हणाली, "आत्ता कुठे आपल्या घरात आल्यासारखं वाटतंय. असेच राहू देत. छान दिसतात, नाही?"

कंपनीच्या इमारतीतलं सर्वांत निर्भीड मत देणाऱ्या माणसानं टाचा जुळवल्या.

"येस मॅडम," मी म्हणालो.