पायमोज्यांतली उपासना

बेर्टाच्या घरात एक नियम होता. पाद्री असो की पोस्टमन, बूट दारातच काढायचे. आणि काढलेले बूट बेर्टा स्वतः भिंतीला लावून, टाचा जोडून, ओळीनं मांडायची. एप्रिलात स्टॉकहोमच्या रस्त्यांवर वितळलेल्या बर्फाचा चिखल असतो, त्यात लोक घसरू नयेत म्हणून हिवाळाभर टाकलेली खडी. तेव्हा नियमात वावगं काहीच नव्हतं. वावगं झालं ते त्या रविवारी, तिच्या भावाच्या बाबतीत.

भावाचं नाव हाल्वार. उत्तरेकडच्या एका खेड्यातल्या चर्चमध्ये तो चौतीस वर्षं ऑर्गन वाजवत होता. राजधानीतल्या जुन्या शहरात विटांचं एक चर्च आहे, तिथला तीनशे वर्षांचा ऑर्गन एकदा आपल्या हातापायांखाली यावा, एवढं एकच मागणं त्यानं देवापाशी टाकून ठेवलं होतं. देवानं ते ऐकलं. फक्त त्यासाठी तिथल्या वादकाला बर्फावरून घसरून हात मोडून घ्यावा लागला. बदली म्हणून तिथल्या गायक मंडळींत गाणाऱ्या बेर्टानं भावाचं नाव सुचवलं.

सकाळी गायक मंडळी आणि पाद्री एस्किल बेर्टाकडे न्याहारीला जमले. एस्किल म्हणजे साडेसहा फुटी, प्रेमळ माणूस. त्याचं प्रवचन बरोबर पंचेचाळीस मिनिटं चालायचं. बेर्टा त्या हिशेबानंच मांस ओव्हनमध्ये ठेवून चर्चला जायची. घरी परतावं तो ते मऊ शिजलेलं असे. आजही हाल्वारनं गावाहून आणलेलं एल्क हरणाचं मांस तिनं आत सरकवलं. एस्किल दोन वेलदोड्याचे पाव तोंडात कोंबून सर्वांच्या आधी घाईघाईनं निघून गेला. मागोमाग बाकीचे निघाले.

ऑर्गनच्या सज्जात चढून हाल्वारनं आपली कापडी पिशवी उघडली. आत वेलदोड्याचे सहा पाव होते.

"बेर्टा, माझे बूट कुठायत?"

"पायात आहेत की."

"हे रस्त्यावरचे! ऑर्गनचे बूट. या पिशवीत होते!"

"अच्छा, ते होय? ते मी काढून दारात मांडले. बूट कुणी पिशवीत ठेवतं का? पिशवी रिकामी दिसली म्हणून पाव घातले. तू काल गाडीत उपाशी आलास ना?"

हाल्वार ऑर्गनपुढच्या बाकावर बसला. त्या बुटांचा तळ त्यांच्या गावच्या भाकरीइतका पातळ होता. ऑर्गनची पायानं दाबायची प्रत्येक पट्टी त्यातून बोटानं चाचपावी तशी कळायची. एकवीस वर्षांत त्यांच्याशिवाय त्यानं एक सूरही वाजवला नव्हता. पायांतल्या रबरी जोड्यानं एक पट्टी दाबून पाहिली, तर तीन सूर एकदम ओरडले.

"गाय व्याली की काय!" एक गायक पुटपुटला.

"तू गप रे! मी आलेच घेऊन," म्हणत बेर्टा जिना उतरून धावली. घर पाच मिनिटांवर होतं. ती परतली तेव्हा पहिली घंटा झाली होती, आणि तिच्या हातात होड्यांसारखे दोन काळे बूट होते.

"तुझे नाहीतच तिथं. हे एवढे होते. घालून बघ."

"यातल्या एका बुटात माझे दोन्ही पाय मावतील! कुणाचेत हे?"

गायकांनी आपापल्या पायांकडे पाहिलं. ज्याचे त्याच्या पायात होते.

"एस्किल गेला होता पहिला," कुणीतरी म्हणालं.

"काहीतरीच!" बेर्टा उसळली. "पाद्री माणूस दुसऱ्याचे बूट घालील?"

दुसरी घंटा झाली. हाल्वारनं डोळे मिटले. "देवा, चौतीस वर्षं वाट पाहायला लावलीस ती यासाठी?" मग त्यानं रबरी जोडे काढले आणि राखाडी लोकरीच्या मोज्यांतले पाय पट्ट्यांवर ठेवले. डाव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं.

पहिलं गीत सुरू झालं आणि हाल्वारला नवल वाटलं. लाकूड ऊबदार होतं. तीनशे वर्षं किती पाय त्यावरून फिरले असतील, त्यांनी घासून केलेले खळगे त्याच्या तळव्यांना कळत होते. भोकातून बाहेर आलेला अंगठा तर आपली वाट आपणच शोधत होता. कमानींत सूर भरून राहिले.

ऑर्गनवरच्या आरशात वेदी दिसायची. एस्किल प्रवचनाला उभा राहिला. दोन वाक्यं बोलला आणि बगळ्यासारखा एक पाय उचलून थांबला. मग दुसरा उचलला. चेहरा पांढराफटक. "देव आपल्याला उचलून धरतो," एवढं म्हणून त्यानं सज्जाकडे हात केला आणि तो खुर्चीत कोसळला. हाल्वारनं गीत उचललं, लोक गायले. एस्किल पुन्हा उठला, तीन वाक्यं बोलला, पुन्हा हात केला. पुन्हा गीत. असं पाच वेळा झालं. थोडा बोल, लगेच गाणं. बोलातला अर्थ निवायच्या आत सुरांवर चढायचा. जे म्हातारे एरवी या वेळी डुलक्या घेत, ते मान वर करून गात होते. एका आजीबाईंनी तर डोळे टिपले. वीस मिनिटांत प्रवचन आटोपलं.

शेवटचा सूर विरताच हाल्वार मोज्यांतच खाली धावला. एस्किल आतल्या खोलीत झगा गुडघ्यापर्यंत ओढून, पाय पसरून बसला होता.

"हाल्वार, कुणाला सांगू नकोस," तो खोल आवाजात म्हणाला. "माझे पाय सुजलेत. सकाळी बेर्टाकडच्या बूट चढवायच्या लांब पट्टीनं कसेबसे बूट घातले. रस्त्यातला एकेक खडा टोचत होता. बाबांचं असंच झालं होतं. आधी पाय सुजले, तीन महिन्यांत गेले. उभा राहून मी माझंच शेवटचं प्रवचन करत होतो."

"एस्किल, टाचेच्या आत बघ. काय अक्षरं आहेत?"

एस्किलनं मोठ्या कष्टानं बूट उपसला. "हा आणि नू."

"हाल्वार नूर्लिंग. बूट माझे आहेत! तुझे पाय ठणठणीत आहेत!"

एस्किलनं दुसराही बूट उपसला. मग पायांची बोटं हलवली. मग तो साडेसहा फुटी माणूस हाल्वारला मिठी मारून लहान मुलासारखा हसायला आणि रडायला लागला. "देवा, तुझे उपकार रे! मी मरत नाहीये!"

"अरे सोड, मी मरेन!"

इतक्यात बेर्टा आत आली. घडला प्रकार ऐकून ती शरमेल असं हाल्वारला वाटलं होतं. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तुमच्यामुळे मांस कच्चं राहिलं."

जेवण दुपारी दीडला झालं. संध्याकाळपर्यंत तीन माणसं विचारून गेली, पुढच्या रविवारीही असंच प्रवचन आहे का म्हणून.

सोमवारी सकाळी निघताना हाल्वारनं दारातल्या ओळीत आपले ऑर्गनचे बूट पाहिले आणि उचलायला वाकला. बेर्टानं पायानं ते मागं सरकवले.

"राहू देत ते. दर रविवारी एस्किलला लागतील."

"आणि मी काय घालून वाजवू?"

तिनं त्याच्या हातात कापडी पिशवी ठेवली. आत वेलदोड्याचे सहा पाव होते, आणि त्यांच्याखाली तिनं रात्रीतून रफू केलेले राखाडी मोजे. डाव्या अंगठ्याचं भोक मात्र तिनं तसंच ठेवलं होतं.