एकाच ताग्याचे दोन कोट

कोट बदलला, असं मी सगळ्यांना ओरडून सांगत होते आणि कोणी माझ्यावर विश्वास ठेवला नाही. संग्रहालयात कोट सांभाळणारी बाई नाही, तिचा साहेब नाही, फोनवरची पोटची लेक नाही. मास्तरांचं तर विचारूच नका. ते माझ्याशेजारी उभे राहून त्या बाईच्या बोलण्यावर मान हलवत होते. (इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या बोलण्यावर एकदा हलवली असती, तर मान काही झिजली नसती.)

मास्तर म्हणजे माझा नवरा. शिवणकामातले मास्तर, शाळेतले नव्हेत. शाळेशी आमच्या घरात कोणाचंच फार जमलं नाही. चौथी झाली आणि मी तिला जे सोडलं ते सोडलं. आमच्या दुकानात कापायचं आणि शिवायचं मास्तरांनी, काज, बटणं आणि तुरपाई माझी. शिवाय कोट आटला नाहीये, तुमचं पोट सुटलंय, हे गिऱ्हाइकाच्या तोंडून वदवून घ्यायचं कामही माझंच. त्यामुळे गल्लीत मला फौजदार म्हणतात. तोंडावर म्हणतात. मला चालतं.

मग लोक तयार कपडे घ्यायला लागले, मास्तरांना एका सुईच्या दोन सुया दिसायला लागल्या आणि दुकान बंद झालं. शेवटच्या ताग्यात थोडं करडं कापड उरलं होतं, चांगलं जाडजूड. मास्तरांनी त्याचे दोन कोट शिवले, एक स्वतःला, एक मला, दोन्हींना आतून एकच अस्तर. मग मशीनवर झाकण ठेवलं ते ठेवलंच. त्यांचं बोलणंही त्याच झाकणाखाली गेलं. जेवायला बसा म्हटलं की बसायचे, उठा म्हटलं की उठायचे. घरात माणूस आहे की कपाट, तेच कळेना.

लेकीने आम्हाला न विचारता बोटीच्या सफरीची तिकिटं काढली. बोट सुटते त्या शहरात आधी मुक्काम करायचा, शहर बघायचं आणि मग बोटीत बसायचं. मास्तर म्हणाले, पाणीच बघायचं तर घरी नळ आहे. मी म्हटलं, चला, एक वाक्य तरी पुरं बोलले, आणि बॅगा भरायला घेतल्या. बोटीची हौस मला होती असं समजू नका. गुडघ्याच्या वर पाणी आलं की माझा जीव जातो. पण हा माणूस असाच बसून राहिला तर एक दिवस उठा म्हटल्यावर उठणार नाही, ही भीती त्या पाण्याहून मोठी होती.

आता चूक कुठून सुरू झाली ते सांगते. शेजारणीपासून. निघताना ती म्हणाली होती की बंदराच्या शहरात खिशातली वस्तू कधी गेली ते कळतसुद्धा नाही, आणि हॉटेलच्या तिजोरीची दुसरी किल्ली हॉटेलवाल्यांकडेच असते. म्हणून बोटीच्या दिवशी सकाळी, मास्तर आंघोळीला गेले तेव्हा, मी हॉटेलच्या अंधाऱ्या कपाटातून त्यांचा कोट ओढला. उलटा करून मांडीवर घेतला, खालच्या कडेला अस्तर उसवलं, आत दोघांचे पासपोर्ट आणि बोटीची तिकिटं सरकवली आणि परत शिवून टाकलं. टाका असा घातला की भिंग लावून शोधा. मास्तरांना सांगितलं नाही. त्यांना कोणी वाट विचारली तरी ते आधी आपल्या घरचा पत्ता सांगतात.

खाली उतरताना लिफ्टमध्ये त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुझा कोट डावीकडे ओढतोय," म्हणाले.

मी म्हटलं ओढू दे, इथे कोण टेप घेऊन उभं आहे. दुकान बंद झाल्यापासून कपड्याबद्दल त्यांनी काढलेला तो पहिला शब्द. तो मी लिफ्टमध्येच टाकून बाहेर पडले.

शहराबद्दल फार सांगण्यासारखं नाही. भुरभुर पाऊस होता. घड्याळाच्या मनोऱ्याला दुरुस्तीसाठी वरपासून खालपर्यंत कापड गुंडाळलं होतं. गाईड म्हणाला, आत सुंदर घड्याळ आहे असं समजा. आम्ही समजलो. कारंजं बंद होतं. पर्यटकांच्या बसला वर छप्परच नव्हतं, खुर्च्यांवर पाणी साचलेलं. छत्री एकच. मास्तरांना ओढलं की छत्रीत यायचे, सोडलं की बाहेर जायचे आणि पाऊस अंगावर घेत चालायचे, जणू तो दुसऱ्याच कोणावर पडतोय. मी दर कोपऱ्यावर म्हणत होते, अहो, कोट सांभाळा. त्यांना वाटलं असेल, बायकोला आपली काळजी आहे. (होती. पण त्या वेळी कोटाची जास्त होती.)

म्हणून शेवटी संग्रहालयात शिरलो. दारात कोट सांभाळणारी बाई बसली होती. ओले कोट आत न्यायचे नाहीत, इथे ठेवा, म्हणाली. माझा कोरडा होता, मास्तरांचा निथळत होता. मी भांडले. यांना खोकला आहे म्हटलं. मास्तर म्हणाले, मला खोकला नाही. गेला कोट.

आत जुन्या काळच्या बड्या लोकांचे कपडे बिनमुंडक्याच्या पुतळ्यांना घालून काचेत ठेवले होते. एका कोटापुढे मास्तर थांबले. काचेला नाक लावलं, खांद्याची शिवण पाहिली, बाही पाहिली.

"हात चांगला होता," म्हणाले.

"कोणाचा?"

"शिवणाऱ्याचा. खाली नाव मात्र घालणाऱ्याचं आहे."

एरवी मी तिथे त्यांच्यासाठी स्टूल मागवलं असतं. पण माझा जीव दारातल्या कोटात अडकलेला. चला, चला करत त्यांना काचेपासून ओढून आणलं.

कोट परत मिळाला. मी खालची कड चाचपली. काही नाही. दुसरी चाचपली. काही नाही. मग मी आवाज चढवला. कोट बदलला म्हटलं. बाई म्हणाली, आज असा एकच कोट आला. मास्तर म्हणाले, माझाच आहे. मग मी म्हटलं, बदलला नसेल तर उसवलाय, हिने आतला माल काढला आणि परत शिवला. साहेब आला. हळू आवाजात म्हणाला, आमच्याकडे शिवता येणारं कोणी नाही. माझा आवाज ऐकून पुतळ्यांपुढचे लोकही बाहेर आले. पुराव्यासाठी मी तिथेच दाताने टाका तोडला आणि सगळं अस्तर टराटरा फाडलं. आतलं कॅनव्हास, खांद्याचा कापूस, सगळं जगासमोर आलं. कागद नाहीत.

मास्तर त्या उघड्या कोटाकडे बघत राहिले. "हे मी शिवलं होतं," एवढंच म्हणाले.

हॉटेलवर येऊन लेकीला फोन लावला. ती म्हणाली, आई, नीट आठव, कुठे ठेवलेस? मागून जावई म्हणाले, पिशवीत बघायला सांग. मी म्हटलं, त्या बाईने चोरले, लिहून घे. लेक म्हणाली, बरं. लहानपणापासून ती असंच बरं म्हणते, तिला पटलं नाही की.

खिडकीतून बंदर दिसत होतं. बोट उभी होती, एखादी चाळ पाण्यात ठेवावी तशी. दिवेलागणीला तिचं दार बंद होणार होतं. मास्तर पलंगावर फाटका कोट घेऊन बसले. म्हणाले, बरं झालं, घरी जाऊ. त्यांच्या आवाजात सुटकाच होती. मला वाटलं, झालं. आता हे घरी जाणार, त्या खुर्चीत बसणार आणि मी बसा-उठा म्हणत राहणार. मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. मी रडत नाही, हे गल्लीला माहीत आहे. त्या खोलीत गल्ली नव्हती.

मागून आवाज आला. "दोरा ओवून दे गं. असा कोट घालून घरी तरी कसं जायचं."

हॉटेलच्या टेबलावर काड्यापेटीएवढं सुईदोऱ्याचं पाकीट होतं. मी दोरा ओवला. मास्तरांनी सुई हातात घेतली. अस्तराची कड चिमटीत धरली. टाका पडला. दुसरा पडला. मी श्वास धरून परत खिडकीशी गेले, उगाच नजर लागायला नको म्हणून.

"अगं," मास्तर म्हणाले, "तुझा कोट अजून डावीकडे ओढतोय. मी असा कापला नव्हता. काढ बघू."

मी म्हटलं, इथे संसार बुडाला आणि तुम्हाला कोटाचा झोक सुचतोय. तरी काढून दिला. त्यांनी तो मांडीवर पालथा घातला, कडेवरून अंगठा फिरवला आणि थांबले. मग कड डोळ्यांजवळ नेली.

"हा टाका माझा नाही," म्हणाले. "ही तुझी तुरपाई."

त्यानंतर माझ्या कोटातून काय निघालं ते तुम्हाला कळलंच असेल. मास्तरांनी माझ्याकडे वर पाहिलं. "निदान बटणं कुठल्या बाजूला आहेत, ते तरी बघायचं," म्हणाले. जन्मभर मी दुकानात बटणं लावली, पुरुषांची उजवीकडे, बायकांची डावीकडे. मी म्हटलं, कपाटात अंधार होता. मग मास्तर हसले. त्यांचा तो आवाज मी विसरून गेले होते. आधी वाटलं, खरंच खोकला झाला.

बोटीचं दार आम्ही बंद होता होता गाठलं. कोट सांभाळणाऱ्या बाईची माफी मागायला वेळच मिळाला नाही. (मिळाला. टॅक्सी तिच्या दारावरूनच गेली. मी खाली वाकून चप्पल नीट केली.) वाटेत मास्तरांना बजावलं की लेकीने विचारलं तर कागद सापडले एवढंच सांगायचं. कुठे, कसे, कोणामुळे, काही नाही. त्यांनी मान हलवली. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

बोटीतल्या खोलीत ते खुर्चीवर बसून उरलेलं अस्तर शिवत होते, मी गोल खिडकीला पाठ करून, पाणी दिसू नये अशी बसले होते. फोन वाजला. तो त्यांच्या हाताशी होता. लेकीचा आवाज मला खोलीभर ऐकू येत होता. आई म्हणाली तशी खरंच चोरी झाली होती का, बाबा? मग चोर कोण निघाला?

मी दोन्ही हातांनी खुणा केल्या. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, दातात धरलेला दोरा काढला आणि फोनमध्ये सांगितलं,

"फौजदार."