सुभेदारांचा छत्तिसावा फोटो

अंबूबाई परवा जर्मनीला निघणार होत्या आणि सुभेदार हंबीररावांच्या कॅमेऱ्यात सहाच फोटो शिल्लक होते. लेक दीपमाला बाळंत व्हायची होती. आई सहा महिने तिच्याकडे राहणार होती. दोन म्हशी आणि दीड एकर ऊस घेऊन कुणाला विमानात बसू देत नाहीत, म्हणून सुभेदार मागे राहणार होते.

हंबीररावांची बावीस वर्षं फौजेत गेली. तेवढी वर्षं बायकोचा एकच फोटो त्यांच्या पाकिटात होता. स्टुडिओत काढलेला, आणि त्यात अंबूबाई फौजदारासमोर उभ्या केल्यासारख्या दिसत. हसताना, म्हशीवर ओरडताना, भाकरी थापताना ही बाई कशी दिसते, हे आठवून आठवून त्यांनी सरहद्दीवरची थंडी काढली होती. आता पुन्हा सहा महिने. या खेपेला तरी बायको असते तशी जवळ हवी, एवढीच त्यांची इच्छा होती. मोबाइल त्या कामाचा नव्हता. मोबाइलवर व्हिडिओ कॉल लागला की अंबूबाई तो नाकाला लावत आणि पलीकडच्याला नुसतं कपाळ दिसे.

म्हणून ट्रंकेतला रिळाचा कॅमेरा बाहेर निघाला. अंबाल्याला असताना हौसेनं घेतलेला आणि तसाच गुंडाळून ठेवलेला. कराडच्या कॉलेजात शिकवणाऱ्या स्वप्नाली मॅडम दर रविवारी रस्त्यावरची फोटोग्राफी शिकवत. पुण्याहून रोल मागवून देत, शिवाय काढलेले रोल घरीच, अंधाऱ्या खोलीत औषधात धूत. पोरापोरींच्या घोळक्यात सुभेदार पहिल्या रांगेत ताठ बसले. अंतर, उजेड, वेग, सगळं हातानं जुळवायचं. तेही त्यांना जमलं. अडलं ते एका नियमापाशी. "काका, समोरच्याला कळता कामा नये," मॅडम म्हणाल्या.

मॅडमनी पलूसचा बाजार पाहिला नसावा. सुभेदारांनी तिथं कॅमेरा डोळ्याला लावला न लावला तोच पानवाले नानासो ओरडले, "सुभेदार, कुनाच्या बड्डेचा फ्लेक्स हाय?"

"फ्लेक्स न्हाई रं. तू तुजं काम कर. माज्याकडं बघू नगं."

"आसं कसं? थांबा, टोपी घालतो."

नानासोंनी टोपी घातली म्हणून शेजारच्या कांदेवाल्यानं गळ्यापर्यंत बटणं लावली. मेथीवाली पदर सावरून उभी राहिली. "खाली शुभेच्छुक म्हनून आमचंबी नाव टाका," असं कुणीतरी जाता जाता सांगून गेलं. तीस फोटो झाले आणि तिसांतही माणसं आधार कार्डाला बसल्यासारखी बघत होती.

उरलेल्या सहांसाठी सुभेदार घरच्या कडब्याच्या गंजीआड दबा धरून बसले. गंजीआड कडबा खसखसला की अंबूबाई धारेची चरवी खाली ठेवून ताठ उभ्या राहत. "आवं, सांगून काढा की! केस तरी इंचरते." असे पाच गेले. सहाव्याला मागून वासरानं त्यांचा पदर तोंडात घेतला. बाई वळल्या आणि अशा मनमोकळ्या हसल्या, की आपण बटण कधी दाबलं हे सुभेदारांनाही कळलं नाही.

"घावली!" गंजीआडून आवाज आला. "आता उद्या रोल धुवायचा, बस्स!"

रीळ गुंडाळून त्याची डबी त्यांनी मोरीशेजारच्या कोनाड्यात जपून ठेवली.

सकाळी लाईट आली म्हणून सुभेदार आधी उसाला पाणी सोडायला गेले. परत येऊन पाहतात तर अंगणातल्या दोरीवर, त्यांच्या बनियनशेजारी, साडेतीन हात लांब पट्टी चिमटे लावून वाळत घातलेली.

"ह्ये काय केलंस?"

"धुतला की तुमचा रोल. ती मॅडम घरीच धुती म्हनं, मग मला काय हात न्हाईत? लय मळ बसला हुता बगा. काथ्यानं घासला तवा कुटं निगाला."

"अगं, रोल धुवायचा म्हंजी..."

"म्हंजी काय? चाळीस वर्सं धुनं धुतीया मी. मला शिकवू नगा."

पट्टी काचेसारखी लख्ख झाली होती. नानासो गेले, मेथीवाली गेली, आणि ते वासरू, तो पदर, ते हसू, सगळं मोरीतून वाहत परसातल्या अळवाला मिळालं होतं. सुभेदार मटकन ओट्यावर बसले. राग यायचा सोडून त्यांना रडूच आलं.

"एवढी कसली घाई झालती तुला?"

अंबूबाई पट्टी उजेडाला धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत होत्या. "उद्या निगायचं न्हवं? म्हनलं, तुमचा एक फोटू संगं न्यावा. पन ह्यात तर कोनच दिसंना."

"माजा? अगं, काढनारा मीच. माजा कुटनं आसंल त्यात?"

"छत्तीस काढलं आन एकातबी तुमी न्हाई?" अंबूबाईंनी पट्टी खाली केली. "मग तिकडं मी काय बघू? लग्नातला त्यो मिशा न फुटलेला?"

सुभेदार उठले. तडक कराड गाठून मॅडमकडून नवा रोल मागून आणला. उन्हं कलायच्या आत अंगणात येऊन त्यांनी कॅमेरा बायकोच्या हातात दिला आणि स्वतः समोर उभे राहिले.

"तुमी लय पुसट दिसताय."

"म्होरची रिंग हळूहळू फिरव. येतो मी."

रिंग फिरली आणि थांबली. बराच वेळ झाला तरी बटणाचा खट्ट आवाज होईना. फौजेतल्या त्या वर्षांत घरात सासू-सासरे, दारात दीर-जावा. सुट्टीवर आलेल्या नवऱ्याकडं मान वर करून बघायला अंबूबाईंना कधी मिळालंच नव्हतं.

"दाब की आता. पाय भरून आलं."

"दाबते की," कॅमेऱ्यामागून आवाज आला. "आदी जरा बघू तरी द्या."