राघो तांडेलाचं घमेलं

राघो तांडेल खाडीच्या तोंडावरच्या पूर्णगडाहून आमच्या शाळेत यायचा तो डोक्यावर घमेलं घेऊन. घमेल्यात चिखल. शाळेच्या ओट्यावर, नेमक्या नुकत्या सारवलेल्या जागी, तो ते उपडं करायचा आणि म्हणायचा, "तुमचा हाय, घ्या." मग कमरेवर हात ठेवून उभा. जणू आता पोच लिहून मिळायला हवी.

त्याचं म्हणणं साधं होतं. तुमच्या डोंगरावरची माती वाहत येऊन माझ्या होडीखाली बसली आहे. माती तुमची. मी चोर नाही, परत आणून दिली. होडी जिथवर चालेल तिथवर तो खाडीतून होडीने यायचा, जिथे होडीचं बूड रुतायचं तिथेच घमेलं भरायचा आणि पुढे तासभर चढ चालून यायचा. आठवड्यातून एकदा, पावसाळ्यात दोनदा.

ही गोष्ट एकोणीसशे ऐंशीनंतरच्या दोन-चार वर्षांतली. गावाचं नाव सांगत नाही, तिथले लोक अजून माझ्यावर रागवायचे. राघो वयाने माझ्या वडिलांएवढा, पण त्याला अहोजाहो करावं असं तेव्हा मला वाटलं नाही आणि आता या वयात ती खोड मोडत नाही. मी तेवीस वर्षांची होते आणि मला सगळं येत होतं. डी.एड.ला पहिला वर्ग, रत्नागिरीहून आणलेल्या चार कडक इस्त्रीच्या साड्या आणि ट्रंकेत मृद व जलसंधारणाचा रंगीत तक्ता. तक्त्यावर डावीकडे उघडाबोडका डोंगर, उजवीकडे हिरवागार, मध्ये बाण. मुलांना आणि ग्रामस्थांना माती-पाण्याचं महत्त्व पटवून द्यावं असं वरून परिपत्रक आलं होतं. मी पटवून द्यायचे. माझ्या पाठीमागे खिडकी होती आणि खिडकीतून दिसणारा खरा डोंगर हुबेहूब डाव्या चित्रासारखा होता. मुलांना तो दिसायचा. मला पाठ असलेलं म्हणायचं असल्यामुळे मागे बघायची गरज पडत नसे.

दर जुलैला आमच्याकडे वृक्षारोपण व्हायचं. खड्डा ठरलेला होता. गेल्या वर्षीचं रोप मेलेलं असायचं, त्यामुळे खड्डा तयार मिळायचा. यात मला नुसती सोय दिसायची. रोपाला माती देण्याचा मान शाळा समितीचे अध्यक्ष दत्ताराम यांचा. शाळेमागचा डोंगर या दत्तारामांचाच. त्यावरचं रान त्यांनी जळाऊ लाकडाच्या ठेकेदाराला विकून टाकलं होतं, आणि चुकून राहिलेल्या झाडांच्या फांद्या ते दरसाल राबासाठी उतरवायचे, म्हणजे भाताची रोपं करायच्या जागेवर पसरून जाळायला. या माणसाच्या गळ्यात मी तगरीचा हार घातला आणि त्यांना वृक्षमित्र म्हटलं. भाषण मीच लिहिलं होतं. ते आठवलं की आजही भाजी चिरता चिरता मी स्वतःला एखादी अशी शिवी हासडते की सून दाराआडून बघून जाते.

टाळ्या चालू असतानाच राघो आला. ओट्यावर आज टेबल होतं, टेबलावर माझी स्वतःची विणलेली चादर होती. त्याने घमेलं चादरीवर उपडं केलं.

"तुमचा हाय, घ्या."

दत्ताराम लाल झाले. "राघो, हा माझा चिखल कशावरून? खाडीला काय माझा एकट्याचा डोंगर मिळतो?"

राघोने चिमूटभर चिखल बोटांत चोळला आणि जिभेला लावला. पूर्वी समुद्रात तो दोरीला शिसं बांधून तळाला सोडायचा. शिशाच्या बुडाला चरबी लावलेली असे, तिला तळाची माती चिकटून वर यायची आणि ती बघून, चाखून, होडी कुठं आहे ते त्याला कळायचं. दत्तारामांचा डोंगर ओळखणं त्या मानाने सोपं होतं.

"ह्याच्यात राख हाय. राबाची. खारवीवाड्यात राब कोन भाजतो रे? आमचा बांगडा भाजतो काय?"

मुलं हसली. मुख्याध्यापक गुरुजींना निवृत्तीला दोन वर्षं होती. त्यांना एकाएकी घंटा तपासायची आठवण झाली आणि ते आत गेले. राहिले मी.

"तांडेल, इथे कार्यक्रम चालू आहे," मी कडाडले.

"कसला?"

"माती वाचवण्याचा."

तो खड्ड्याजवळ गेला, वाकून बघितलं. "ह्यो गेल्या सालचाच ना, बाय?"

इतका अपमान माझा तोवर कोणी केला नव्हता. मी त्याला अडाणी म्हटलं. त्याने मला शेवंड म्हटलं, म्हणजे मोठ्या कोळंबीची जात, वरून लाल, मागे मागे चालणारी. तो रागावला की त्याला मासे आठवायचे. गुरुजी सुरमई होते, दिसायला ऐटबाज आणि जाळं दिसलं की पसार. दत्तारामांसाठी मात्र त्याला मासा सापडत नसे, "समुद्रात असला काय देवानं केल्यालाच न्हाय," असं तो म्हणायचा.

दत्ताराम त्याचे सख्खे मेव्हणे होते, ही गोष्ट मला पुष्कळ उशिरा कळली. गावात सगळ्यांना माहीत होती. पण ज्या बाईला सगळं येतं तिला कोण काय सांगणार?

असं वर्षभर चाललं. तो ओतायचा, मी कडाडायचे, मुलं दोन्हीची वाट बघायची. मी चिखल फावड्याने ओढून खाली लोटायचे, आणि पाऊस तो पुन्हा खाडीत पाठवायचा. म्हणजे तीच माती त्या माणसाने किती वेळा वर वाहून आणली असेल, हा हिशेब मी घालायला हवा होता. विषयच माझा होता.

एक गोष्ट मात्र मी बरोबर हेरली होती. परत जाताना राघोच्या घमेल्यात डबा असायचा, बुचाचा, आमच्या झऱ्याच्या पाण्याने भरलेला. झरा शाळेमागे, डोंगराच्या पायथ्याशी. एक दगडी पायरी, तिच्याखालून धार. पूर्वी म्हणे ही धार पाऊस येईपर्यंत टिकायची. रान गेल्यापासून ती दरसाल आधी आधी आटू लागली होती. त्या वर्षी होळीलाच ती करंगळीएवढी झाली. मुलं घरून तांब्या तांब्या पाणी आणत होती. आणि हा बाहेरगावचा माणूस आम्हाला शिव्या देऊन वर आमचंच पाणी घेऊन चालला होता.

मी गेरूने पाटी रंगवली. 'बाहेरच्यांनी पाणी नेऊ नये. हुकमावरून.' हुकूम माझाच होता. पाटी झऱ्यावर टांगली आणि राघो डबा भरून उठला तशी त्याच्यासमोर उभी राहिले.

"हे वाचा."

"मना वाचता येत न्हाय."

मी वाचून दाखवलं. शुद्ध उच्चारात, पूर्णविरामासकट. आता बांगडे, शेवंडी, सगळं दर्यावरचं बाहेर पडणार म्हणून मी पदर खोचून तयार होते. राघोने बूच काढलं, वाकला, आणि डबा पायरीखाली झऱ्यातच हळूहळू रिकामा केला, एक थेंब बाहेर सांडू न देता. मग रिकामा डबा घमेल्यात टाकून तो उतरून गेला.

मी जिंकले. त्या रात्री मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

त्यानंतर तो आला नाही. आठवडा गेला, दुसरा गेला. ओटा स्वच्छ राहू लागला. मुलं खिडकीबाहेर बघायची आणि मला विचारायची, "बाई, तांडेल आजोबा मेले काय?" मी गप्प बसा म्हणायचे आणि मीही बघायचे.

शेवटी दत्तारामांच्या बायकोने मला झऱ्यावर गाठलं. वहिनी कमी बोलायच्या, पण त्या दिवशी त्यांचा हंडा कमरेवरून खाली आला नाही आणि तोंडही थांबलं नाही.

"बाई, तुमची पाटी मी वाचली. चौथी झालेय मी. ते पाणी तांडेल स्वतःला नेत नव्हते. आमच्या वन्संना नेत होते. माझी नणंद ती, ह्या घरची लेक. ह्याच पायरीवर कपडे धुवून वाढली. दोन वर्षं झाली, कंबर गेलीय, अंथरुणावर आहे. तिकडच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. खारट पाणी तिच्या घशाखाली उतरत नाही, म्हणते माझं पाणी आणा."

"मग त्यांना इकडे का नाही आणत?"

"कशातून? पूर्वी गौरीला तांडेल दरसाल होडीतून घेऊन येत. होडी पार गावाखालच्या धक्क्याला लागायची. आता धक्क्याला गाळात म्हशी बसतात. मोडक्या कमरेची बाई चढ चालणार काय? तांडेल ह्यांना हात जोडून सांगत होते, झऱ्यावरचं रान तेवढं विकू नको. ह्यांनी विकलं. तेव्हापासून बोलणं नाही. बोलणं नाही म्हणून चिखल आणतात." हंडा सावरून त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही आमच्या ह्यांना हार घातला."

त्यांनी मला दुसरं काही म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी सकाळी सातला धारेपाशी हंड्यांच्या रांगेत बरणी लावली. ती अकराला भरली. तोवर मी पायरीवर बसून समोरची पाटी वाचत होते. मग बरणी मांडीवर घेऊन एस.टी.ने लांबच्या वळशाने पूर्णगडला गेले.

राघो घरी नव्हता. खाटेवर एक एवढीशी बाई होती, डोळे मात्र मोठे आणि खट्याळ. मी पेला भरून दिला. तिने एक घोट घेतला, तोंडात धरून ठेवला.

"पायरीखालचा हाय," ती म्हणाली. "तू ती मास्तरीण काय गो? लाल शेवंड?"

मी हो म्हटलं. काय करणार?

"आमचे हे तिकडं लय वरडतात म्हनं. काय वरडतात, जरा सांग. घरात दिवसाला चार शब्द बोलत न्हाईत. मना बरा वाटंल ऐकाया."

मग मी तिला सगळं करून दाखवलं. सुरमई, बांगडा, चादरीवरचा चिखल, जिभेला लावलेली राख. ती हसून हसून कण्हायला लागली, कंबर धरून पुन्हा हसली. मी गप्प झाल्यावर तिने विचारलं, "धार किती हाय आता?" मी करंगळी दाखवली. तिने माझ्या करंगळीकडे बराच वेळ बघितलं.

निघताना दारात राघो भेटला. मी म्हटलं, "तांडेल, मी पाटी काढली. आणि मला ते शिकवता येत नाही. तुम्ही या."

तो आला. तक्ता मी गुंडाळून ठेवला. त्याने मुलांना डोंगरावर नेलं आणि म्हणाला, "समजा, भरती इथवर आली. ह्या दगडापर्यंत. आता पानी डोंगराला कुठं कुठं टेकंल? कडेकडेनं चालत ऱ्हवा. वर चढलास तर सुका, खाली उतारलास तर बुडालास." त्याने पाण्याने भरलेली लांब नळी आणली होती, तिच्या दोन टोकांना पाणी एका पातळीत राहतं, त्यावरून मुलांची चूक पकडायचा. अशा रीतीने कोरड्या डोंगरावर मुलांनी किनारा आखला, त्या रेघेवर चर खणले, खालच्या अंगाला दगड रचले. समपातळी रेषा हा शब्द मी दोन वर्षं फळ्यावर लिहीत होते. ती असते कुठे, हे मला त्या दिवशी कळलं.

दत्ताराम धावत आले. "माझ्या डोंगराला हात लावायचा नाही."

मी म्हटलं, "डोंगर तुमचा आहे ना? मग शाळेच्या ओट्यावरचा चिखल तुमच्या अंगणात ओतते. रोज. चार वर्ग आहेत माझ्याकडे, सगळ्यांना घमेली देते."

ते राघोकडे बघू लागले. राघो दगड रचत होता. वहिनी मागून आल्या, नवऱ्याला ओलांडून पुढे गेल्या आणि त्यांनी एक दगड उचलून रेघेवर ठेवला. दत्ताराम आल्या वाटेने परत गेले. मदत त्यांनी कधी केली नाही, पण अडवलंही नाही. राबासाठी त्या साली त्यांनी झऱ्यावरची झाडं सोडली, एवढं मी बघितलं.

खाडी काही मोकळी झाली नाही, खोटं कशाला लिहू? धक्क्यावर म्हशी बसतच राहिल्या. पण पुढच्या वर्षी होळी गेली, पाडवा गेला, चैत्र संपत आला, आणि पायरीखालून धार येत होती. अंगठ्याएवढी. राघो दर आठवड्याला डबा नेत होता आणि ओट्यावर उभा राहून पूर्वीपेक्षा जास्त ओरडत होता. मी मुद्दाम एखादी चूक करून ठेवायचे. पूर्णगडच्या त्या खाटेपर्यंत पोचवायला मजकूर नको?

मग तीन आठवडे तो आला नाही. आला तेव्हा डोक्यावर घमेलं नव्हतं. हातात डबा होता. मी म्हटलं, "तांडेल, आज धार चांगली आहे, पटकन भरेल." त्याने मान हलवली. डबा रिकामा नव्हता. अर्धा भरलेला होता.

"उरला व्हता," तो म्हणाला.

तो पायरीवर बसला, बूच काढलं, आणि ते पाणी झऱ्यात हळूहळू सोडलं, एक थेंब बाहेर सांडू न देता. मग माझ्याकडे न बघता म्हणाला,

"तुमचा हाय, घ्या."