फाशीबाबत एकमत

विद्यार्थ्यांचे फाशीच्या शिक्षेविषयीचे मत शुक्रवारपर्यंत कळणे अत्यावश्यक होते. न कळल्यास कोणी फासावर जाणार नव्हते. फक्त संशोधक बाईंची पीएचडीची नोंदणी रद्द होऊन त्यांची सहा वर्षे पाण्यात जाणार होती.

म्हणून बाईंनी महाविद्यालयाच्या मोठ्या वर्गात दोनशे बारा प्रश्नावल्या वाटल्या. ‘खालीलपैकी कोणत्या गुन्ह्यांस फाशी द्यावी?’ खाली खून, देशद्रोह असे भारदस्त गुन्हे होते. न वाचता खुणा करणारे सापडावेत म्हणून शेवटी बाईंनी हळूच ‘परीक्षेत कॉपी करणे’ हेही घुसडले होते.

“मॅडम, हजेरी लागणार ना?” मागच्या बाकावरून एकाने विचारले. लागणार म्हटल्यावर वर्ग न्यायदानाला बसला आणि चार मिनिटांत उठला.

बाईंनी गठ्ठा उघडला. पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीने सरसकट सगळ्या गुन्ह्यांवर खुणा केल्या होत्या. उरलेल्या दोनशे अकरा जणांनीही तेच केले होते. हजेरी क्रमांकाच्या रकान्यातसुद्धा सगळ्यांनी तिचाच ‘सतरा’ उतरवला होता. कॉपी करणाऱ्याला फाशी द्यावी, हे मत वर्गाने एकमेकांचे बघून दिले होते.

बाई मार्गदर्शक सरांकडे गेल्या. “सर, ही सरळसरळ कॉपी आहे.”

“याला एकमत म्हणतात,” सर म्हणाले. “उत्तम निष्कर्ष आहे. फक्त तो कॉपीचा पर्याय तेवढा काढून टाका.”

“का, सर?”

“अहो, माणसाचा जीव आहे. वय असतं, परिस्थिती असते, घरच्यांचा तगादा असतो. इतकं टोकाला जाऊ नये.” बोलता बोलता त्यांची नजर कपाटातल्या स्वतःच्या प्रबंधाकडे गेली. बाईंचीही गेली. त्यातले दुसरे प्रकरण कुठून आले ते सरांना ठाऊक होते आणि कुठे गेले ते बाईंना. पर्याय निघाला, नोंदणी वाचली.

तरी बाईंना चैन पडेना. त्यांनी त्याच वर्गात नवा फॉर्म वाटला. प्रश्न एकच: ‘तुम्ही केलेला, अजून न सापडलेला गुन्हा कोणता व त्यास शिक्षा काय?’ या वेळी कोणी शेजारी डोकावले नाही. प्रत्येकाने हाताचा आडोसा केला. गुन्ह्याचा रकाना दोनशे बारा जणांनी कोरा ठेवला. शिक्षेच्या रकान्यात, कोणाचेही न बघता, सगळ्यांनी एकच लिहिले: ‘समज देऊन सोडावे.’

दोनशे तेरावा फॉर्म बाईंनी स्वतः भरला. काय लिहिले ते त्यांनी कोणाला दाखवले नाही. छपाईत आणखी एक फॉर्म जास्तीचा आला होता, तो, वाचकहो, तुमच्यासाठी राखून ठेवला आहे. हाताचा आडोसा केलेला चालेल.