दहा लाख बावीस हजार एकशे सतरा

“तुला भागाकार येईल ना, त्या दिवशी कावळा अंगाई म्हणेल!”

शाळेतल्या गुरुजींचा हा आवाज टेलरमास्तरांच्या कानात तीस वर्षं घुमत होता. तरीही त्या सोमवारी ते छाती फुगवून बायकोला म्हणाले, “आण इकडे ती संख्या! दोन दिवसांत तुकडे पाडतो!”

बायको शाळेत गणित शिकवायची. शाळेत नवे सर आले होते, तरणेताठे, कुरळ्या केसांचे. त्यांनी तिला चिठ्ठीवर एक संख्या लिहून दिली होती: १०२२११७. कशाने भाग जातो, शोधा!

“किती गोड संख्या आहे, नाही?” भाजी ढवळताना बायको म्हणाली.

मास्तरांच्या पोटात सुई टोचली. लग्नाला बारा वर्षं झाली, पण त्यांनी शिवलेल्या एकाही ब्लाउजला ती गोड म्हणाली नव्हती!

मग रोज दिवेलागणीला मास्तर तिच्या शेजारी पाटी घेऊन बसू लागले. तीनने जाईना, सातने जाईना. संख्या कसली, माहेरी रुसून बसलेली नवरी!

“फक्त मूळ संख्यांनीच भागा हो,” बायको हळूच सांगायची. “आता सदतीस घ्या.”

गुरुवारी दुकानातही त्यांना राहवेना. कागद सापडेना, म्हणून समोरच्या पँटच्या राखाडी कापडाच्या एका तुकड्यावरच खडूने भागाकार मांडला. सदतीसने एकोणतीस उरले. दुसऱ्या तुकड्यावर त्रेचाळीसने सात उरले. वैतागून मास्तर चहाला गेले.

कारागीर मोठा आज्ञाधारक. मास्तरांच्या हातचा आकडा म्हणजे माप! त्याने पँट शिवून टाकली. डावा पाय सदतीस इंच, उजवा त्रेचाळीस!

शुक्रवारी गिऱ्हाईक आलं. कुरळे केस!

“मास्तर, माझा एक पाय विहिरीत उभा आहे का हो?” सरांनी पँट अंगाला लावून पाहिली, उलटी केली आणि आतले खडूचे आकडे बघून ते ओरडले, “अरे! ही तर माझीच संख्या!”

“पाडणारच आहे तुकडे तिचे!” मास्तर कात्री उगारून म्हणाले.

“पण बाईंनी मंगळवारी सकाळीच उत्तर दिलं की! एक हजार नऊ गुणिले एक हजार तेरा. तुम्हाला बोलल्या नाहीत?”

कात्री खाली आली. मास्तर दुकान उघडंच टाकून घरी धावले.

“त्याला सांगितलंस आणि मला नाही?”

बायको वह्या तपासत होती. तिने मान वर केली नाही.

“एक हजार अकराच्या वर्गातून चार वजा. बघताक्षणीच कळलं होतं.”

“मग चार दिवस मला का झिजवलंस?”

तिने लाल पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

“बारा वर्षांत दिवेलागणीला मशीन सोडून माझ्या शेजारी बसलात, ते हे चारच दिवस. उत्तर सांगितलं असतं तर उठून गेला असता ना! म्हटलं, नाही जात भाग तर न जावो.”