झोपाळ्यावरचा जनरेटर

आमच्या मिक्सरच्या गळ्यात एक चिठ्ठी बांधलेली आहे. पुठ्ठ्याची, सुतळीने बांधलेली, निळ्या शाईत तीन ओळी. 'दोष: फिरत नाही. कारण: चटणीची घाई. कोणामुळे: वहिनी.' वहिनी म्हणजे माझी बायको. त्यानंतर पंधरा दिवस ती सप्रेकाकांशी बोलली नाही. पण चिठ्ठी काढायची तिचीही हिंमत नाही, कारण चिठ्ठी काढलेल्या वस्तूला काका पुन्हा हात लावत नाहीत.

सप्रेकाका सुदामा नगरात आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात. कापड मिलमधे मेन्टेनन्सला होते. मिल कधीचीच बंद पडली, मिलची शिस्त मात्र घरात चालू आहे. दुरुस्त झालेल्या प्रत्येक वस्तूला चिठ्ठी लागते. देवळातल्या घंटेच्या मोटरलासुद्धा आहे, तिच्यावर 'कोणामुळे: पुजारीजी' असं लिहिलंय. त्या तिसऱ्या ओळीत अख्खी गल्ली येऊन गेली, माझं नाव तर तीनदा. काकांचं स्वतःचं नाव मी कधी पाहिलं नाही.

"सरजी, मशीन झूठ नाही बोलत," असं ते मला सांगतात. मी शाळेत भूगोल शिकवतो, म्हणून सरजी. "झूठ माणूस बोलतो." आणि मग हमखास पुढचं वाक्य यायचं, "आता आमची रेवतीच घ्या. कधी ऐकलंय तिने माझं?"

रेवती त्यांची एकुलती एक. पुण्यातली चांगली नोकरी सोडून ती नवऱ्याबरोबर शिडाच्या बोटीवर राहायला गेली. आता इंदूरच्या माणसाने पाणी पाहिलेलं असतं ते सिरपूर तलावाचं, नाहीतर ओंकारेश्वरचं. काकू गेलेल्या, घरात समजावणारं कोणी नाही. काका तडकून बोलून गेले, "पाण्यावर राहायचं तर मग मला फोन करू नकोस." तिने केला नाही. आठ महिने.

नवव्या महिन्यात कोचीहून फोन आला. मी तिथेच बसलो होतो. रेवती म्हणाली, बाबा, बोटीवरचा जनरेटर बंद पडतो. माणसाने निदान विचारावं, बेटा कशी आहेस. काकांनी विचारलं, डिझेल का पेट्रोल?

मग रोज संध्याकाळी फोन सुरू झाला. विषय एकच. ती जनरेटर लावून फोन त्याच्याजवळ धरायची आणि काका डोळे मिटून ऐकायचे. एकदा ऐकता ऐकता त्यांनी डोळे उघडले आणि हळूच मला म्हणाले, "हा मशीनचा आवाज नाही. पोरगी खोकतेय." तिला मात्र विचारलं, "केबिनमधे धूर भरतो का?" धूर काही भरत नव्हता. काकांनी दुसऱ्या दिवशी सितोपलादीची बाटली कुरियर केली, आत चिठ्ठी घातली: एक चमचा, मधातून. खाली नाव नाही.

भानगड अशी होती की बंदरात जनरेटर तासन्‌तास चालायचा. घोडं पेंड खायचं ते भर समुद्रात. शिडं उभारून बोट निघाली की थोड्या वेळाने हा गप्प. तिथला मिस्त्री दोनदा येऊन गेला, चालू मशीन पाहून दोनदा परत गेला. फिल्टर बदलले, पंप पाहिला, वायरी तपासल्या, सगळं काकांच्या सांगण्यावरून. आणि पुढच्या आठवड्यात ती दोघं अंदमानला निघणार होती. दहा-बारा दिवस मधे कुठे थांबणं नाही. जनरेटर बसला की बॅटऱ्या उतरणार, मग दिवे नाहीत आणि रेडिओही नाही. काकांनी जेवण अर्ध्यावर आणलं होतं.

मी सहज म्हणालो, काका, लाटांनी हलत असेल. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! दुसऱ्याच सकाळी मंडपवाल्याचा टेम्पो दारात. त्यातून तसाच छोटा डिझेल जनरेटर उतरला. चौघांनी तो उचलून काकांच्या अंगणातल्या लोखंडी झोपाळ्यावर ठेवला, दोऱ्यांनी आवळून बांधला. मंडपवाल्याने आजूबाजूला पाहिलं आणि विचारलं, "भिया, बरात कब की है?" काकांनी ऐकलं नाही. ते मला म्हणाले, "सरजी, तुम्ही भूगोलवाले. लाटा तुमच्या डिपार्टमेंटच्या."

रविवारचे दोन तास मी त्या धडधडणाऱ्या धुडाला झोके देत होतो. गल्ली पोह्यांच्या प्लेटी घेऊन बघायला उभी. कोणी म्हणे जोरात, कोणी म्हणे आडवा द्या. माझी कंबर गेली, जनरेटर काही बंद पडला नाही. मी मनात म्हटलं, मशीन झूठ बोलत नसेलही, पण छळतं जरूर.

संध्याकाळी फोन आला तेव्हा काका थकलेले होते. विचारायला काही उरलंच नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "जेवलीस का?"

मग रेवती बोलायला लागली ती थांबेचना. जेवले म्हणाली, वरणभात केला होता. इथे बंदरात ठीक आहे, समुद्रात मात्र ताट मांडीत धरून बसावं लागतं. वारा शिडात भरला की बोट एका कुशीवर कलते ती दिवसदिवस तशीच, ताट ठेवलं की घसरत जातं.

"दिवसभर कललेली?" काका उठून उभे राहिले. "हे आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही मशीनचंच विचारत होता ना, बाबा."

काकांनी फोन माझ्या हातात दिला आणि झोपाळ्याकडे गेले. गल्लीतल्या दोघांना हाताशी घेऊन एका बाजूच्या साखळ्या चार कड्या वर घेतल्या. पाट कलला. जनरेटर लावला. झोका नाही, काही नाही, नुसता तिरका. पाचव्या मिनिटाला तो गचका देऊन बंद पडला.

काकांनी तेल मोजायची डिपस्टिक काढली. तिच्यावर दोन रेषा असतात, तेल त्यांच्या मधे हवं. काकांचा मिलपासूनचा नियम, तेल खालच्या रेषेवर ठेवायचं, जास्त झालं तर मशीन धूर ओकतं. याच्यातही त्यांनी तेवढंच ठेवलं होतं. सपाट जमिनीवर ते चालून गेलं. कललं की सगळं तेल एका कडेला जाणार, पंपाला मिळणार हवा, आणि मशीन स्वतःला वाचवायला बंद होणार. काकांनी वरच्या रेषेपर्यंत तेल भरलं. पाऊण तास तो तिरका जनरेटर चालत राहिला.

मग त्यांनी पुन्हा फोन लावला. "रेवती, तेल किती ठेवतेस?"

"खालच्या रेषेवर."

"कोणी सांगितलं?"

"तुम्हीच. मी सातवीत होते, घरच्या जनरेटरला. नवरा रोज म्हणतो वरपर्यंत भरू, मीच भरू देत नाही. बाबांनी सांगितलंय म्हटलं."

काका भिंतीला टेकून खाली बसले. चष्मा काढून सदऱ्याने पुसला, पुन्हा पुसला. मग म्हणाले, "वरच्या रेषेपर्यंत भर, बेटा. माझं चुकलं. आणि पोहोचलीस की फोन कर. मशीन चालू असलं तरी कर."

ती निघाली, पोहोचली, आणि पोहोचल्या दिवशी तिने फोन केला. जनरेटरचा विषय निघाला नाही. मंडपवाला आपला जनरेटर कधीच घेऊन गेला. चिठ्ठी काकांनी त्याला बांधली नाही, झोपाळ्याच्या साखळीला बांधली.

'दोष: चालता चालता बंद. कारण: पोरगी बापाचं ऐकते. कोणामुळे: बाप.'

झोपाळ्यावर बसलं की ती डोक्याला लागते. काका काढू देत नाहीत.